बळाची शिल्लक

गेल्या महिन्यात यवतमाळच्या एका व्यापारी कुटुंबात जाणे झाले. महाविद्यालयात शिकणाऱ्या कन्येने व्यायामशाळेत वजने उचलण्याची परवानगी मागितली होती. आजी म्हणाल्या, "मुलीचा अगदी पहिलवान होईल, मग स्थळे कुठून यायची?"

मला पुण्याच्या दीपिका चौधरी आठवल्या. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील नोकरी सांभाळून त्यांनी शरीरसौष्ठवाची साधना केली. 'फिगर' गटात आंतरराष्ट्रीय महासंघाचे व्यावसायिक कार्ड मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. हौशी स्पर्धांत यश मिळाल्याखेरीज हे कार्ड हाती येत नाही. या गटात नुसते स्नायूंचे आकारमान नव्हे, तर शरीराची प्रमाणबद्धता आणि उभे राहण्याची ढबही पाहिली जाते.

स्त्रीच्या शरीरात पुरुषी संप्रेरक अल्प असते. त्यामुळे नित्याच्या व्यायामाने ती पुरुषासारखी दिसू लागत नाही. उलट स्नायू आणि हाडे बळकट होतात. प्रथिनांसाठी शाकाहारी घरात डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे आहेतच. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असेल, तर व्यायाम सकाळी करावा.

शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. बलोपासना आपल्या वऱ्हाडाला परकी नाही. मुलींसाठीच ती परकी का असावी?

पेढीची शिल्लक जशी रोजच्या बचतीने वाढते, तसेच बळाचे आहे. हे सांगताच आजींनी आपल्या झिजलेल्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि नातीला म्हणाल्या, "उद्यापासून जा."