यमाल दिसतो, परत पाठवलेली मुलं दिसत नाहीत

लामिन यमालच्या नावाची जर्सी आता आपल्या मोहल्ल्यांतही दिसते. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. बार्सिलोनाजवळच्या मातारो शहरातली रोकाफोंदा ही स्थलांतरित कष्टकऱ्यांची वस्ती. गोल केल्यावर तो बोटांनी ३०४ दाखवतो, ते त्या वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे तीन आकडे. रमजानमध्ये रोजे ठेवून खेळतो. आपल्या पोरांना तो आपला वाटला तर नवल नाही. मलाही वाटतो.

माझी तक्रार त्याच्या गोष्टीबद्दल आहे. आपल्याकडे ती अर्धीच सांगितली जाते. गल्लीत खेळणारा गरीब पोरगा, हातापायांत हुनर, नशिबाने साथ दिली आणि झाला स्टार. मधली नऊ वर्षं कुणी सांगत नाही. बार्सिलोना क्लबच्या अकॅडमीत तो आला तेव्हा सात वर्षांचा होता. मुख्य संघाकडून पहिल्यांदा उतरला एप्रिल २०२३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी.

ही अकॅडमी म्हणजे ला मासिया. कॅटलान भाषेत मासिया म्हणजे शेतातलं मोठं घर. १७०२ मध्ये बांधलेलं असं एक घर क्लबच्या मैदानाशेजारी होतं. १९७९ मध्ये तिथे बाहेरगावच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. २०११ मध्ये ते शहराबाहेरच्या नव्या इमारतीत गेलं. तिथली मुलं इतर मुलांसारखी शाळेत जातात, अभ्यास करतात आणि मग मैदानावर येतात. २०२१ पासून तिथे मुलीही राहतात. (हे वाक्य खास मुलींच्या अब्बांसाठी.)

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एका शब्दाची मला नेहमी गंमत वाटते. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे आखाडा. ला मासियात दोन्ही अर्थांची तालीम एकाच छपराखाली चालते. २०२४ च्या युरो स्पर्धेसाठी यमाल जर्मनीला गेला तेव्हा शाळेचा अभ्यास सोबत होता. आपल्या दहावीसारखा जो सक्तीच्या शिक्षणाचा शेवटचा टप्पा असतो, तो त्याने स्पर्धा चालू असताना पूर्ण केला. मग ९ जुलैला उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध तो गोल मारला. आपण गोलचा व्हिडिओ शंभर वेळा पाहिला. निकालाची बातमी किती जणांनी पाहिली?

एवढा मोठा खेळाडू, त्याला सर्टिफिकेट कशाला, असं कुणी म्हणेल. खरं आहे, त्याला नसतं मिळालं तरी चाललं असतं. शाळेची ती सक्ती त्याच्यासाठी नाहीच. ती त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मुलासाठी आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये लेवांतेविरुद्धच्या सामन्यात बार्सिलोनाचे मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू ला मासियात घडलेले होते. जगभर कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण अकराच जागा असतात. दरवर्षी काही मुलांना सांगितलं जातं की पुढच्या मोसमात येऊ नका. कुणी बारा वर्षांचं, कुणी सोळाचं. सारा गाव ज्याला आता "आमचा फुटबॉलवाला" म्हणून ओळखतो, तो बॅग घेऊन घरी येतो. क्लबसाठी ती कागदावरची एक ओळ असते.

क्लब कितीही नावाजलेला असो, मुलाचं हित आणि क्लबचं हित एकच असतं असं नाही. १८ वर्षांखालच्या परदेशी खेळाडूंच्या नोंदणीचे नियम मोडले म्हणून २०१४ मध्ये फिफाने बार्सिलोनावर कारवाई केली. खेळाडू घेण्यावर बंदी आली. पण अकॅडमीत आधीच आलेल्या परदेशी मुलांनाही अधिकृत सामने खेळता येईनात. जपानहून दहाव्या वर्षी आलेला ताकेफुसा कुबो २०१५ मध्ये मायदेशी परतला. तो जिद्दीने पुन्हा स्पेनमध्ये येऊन नावारूपाला आला. चूक मोठ्यांची, वर्षं मुलांची गेली.

इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेस क्लबने २०२२ मध्ये एक वेगळी गोष्ट केली. अकॅडमीतून सोडलेल्या १८ ते २३ वयाच्या खेळाडूंना पुढची तीन वर्षं शिक्षण, नोकरी आणि मानसिक आधार यासाठी मदत करायची योजना जाहीर केली. मला हे एखाद्या ट्रॉफीपेक्षा मोठं वाटतं.

आता आपल्याकडचं. नववीतल्या मुलाला शाळेतून काढून पूर्णवेळ फुटबॉलला लावू का, असं विचारणारे पालक मला भेटतात. हौस मी समजू शकतो. खेळ वाया जातो असं मी मुळीच मानत नाही. उलट आमच्या पोरांना मैदानं मिळत नाहीत हे माझं जुनं रडगाणं आहे. पण परदेशी क्लबचं नाव लावून महिन्याची फी घेणारा क्लास आणि ला मासिया यांत फरक आहे. तिथे क्लब मुलावर खर्च करतो, इथे बाप करतो. म्हणून फी भरण्याआधी तिथल्या साहेबांना दोनच गोष्टी विचारा. गेल्या पाच वर्षांत इथून बाहेर पडलेली मुलं आज काय करतात? आणि परीक्षेच्या महिन्यात सरावाचं वेळापत्रक कोण बदलतं, तुम्ही की शाळा? भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवून उत्तर मिळालं, तर पोराचा दाखला शाळेतच राहू द्या.