शिक्षकांचे मत मसुद्याआधी हवे

एखाद्या राज्यात शिक्षणविषयक विधेयक येऊ घातले की शिक्षकांच्या मताविषयी दोन ठरीव विधाने ऐकू येतात. मंत्रालयातून सांगितले जाते की, शिक्षक वेतन आणि बदल्यांपलीकडे पाहत नाहीत. शिक्षक म्हणतात, आम्हाला कोणी विचारलेच नाही. प्रशासनात हयात घालवल्यावर मला पहिले विधान अर्धसत्य वाटते आणि दुसरे बहुतांशी खरे.

पहिल्या विधानाचे उत्तर केरळच्या इतिहासात आहे. १९५७ साली नंबुद्रीपाद मंत्रिमंडळातील शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी केरळ शिक्षण विधेयक मांडले. त्यात दोन तरतुदी कळीच्या होत्या. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन सरकारने थेट द्यावे, ही पहिली. त्यांची निवड लोकसेवा आयोगाच्या यादीतून व्हावी, ही दुसरी. व्यवस्थापनांच्या मर्जीवर जगणाऱ्या शिक्षकाला या विधेयकात मुक्ती दिसली, तर संस्थाचालकांना आपल्या अधिकारांवरील आक्रमण. राष्ट्रपतींनी विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे मतासाठी पाठवले, मे १९५८ मध्ये न्यायालयाचे मत आले आणि दुरुस्त्यांनंतर १९५९ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच वर्षी 'विमोचन समर' पेटले आणि ३१ जुलै रोजी मंत्रिमंडळ बरखास्त झाले. १९६० च्या दुरुस्तीने नेमणुकीचा अधिकार पुन्हा व्यवस्थापकांकडे गेला. थेट वेतन मात्र टिकले. परिणामी नेमणूक व्यवस्थापकाची आणि वेतन सरकारी तिजोरीचे, अशी रचना तेथे आजही आहे.

वेतनाचा प्रश्न हा केवळ पोटाचा प्रश्न नव्हता, हे यातून दिसते. ज्याची नोकरी एका माणसाच्या इच्छेवर अवलंबून आहे, तो वर्गात निर्भयपणे शिकवू शकत नाही. शिक्षकाच्या 'स्वार्थी' मागणीत शाळेचे हित अनेकदा असे दडलेले असते.

दुसरे विधान अधिक गंभीर आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७१ ने विधान परिषदेत शिक्षकांना प्रतिनिधित्व दिले. पण ते माध्यमिक व त्यावरील संस्थांतील शिक्षकांपुरतेच. शिवाय महाराष्ट्रासह केवळ सहा राज्यांत विधान परिषद आहे. म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा सर्वाधिक भार वाहणारा प्राथमिक शिक्षक या व्यवस्थेच्या बाहेरच राहतो. त्या कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. या अपवादांची किंमत वर्गाला किती दिवसांनी मोजावी लागते, हे शाळेतला माणूसच सांगू शकतो.

शिक्षकांना नकाराधिकार द्यावा, असे माझे म्हणणे नाही. विधेयकाचा अंतिम लाभार्थी विद्यार्थी आहे, त्याला मत नाही, आणि काही वेळा त्याचे हित शिक्षकांच्या सोयीविरुद्धही जाते. तेव्हा विधिमंडळाने कठोर निर्णय घ्यावाच. मात्र ऐकून घेऊन घ्यावा.

केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे. राज्यांनी शिक्षण विधेयकांसाठी हा नियम स्वतःहून स्वीकारावा, आणि ते दिवस परीक्षा किंवा सुट्ट्यांत येऊ देऊ नयेत. मते संघटनांकडूनच नव्हे, तर एकशिक्षकी शाळांतून व कंत्राटी शिक्षकांकडूनही कलमवार घ्यावीत. विधेयकासोबत उद्देश व कारणांचे निवेदन जोडले जाते, वित्तीय ज्ञापनही असते. तसेच शिक्षकांच्या कोणत्या सूचना स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, याचे टिपणही सभागृहासमोर यावे. 'सूचनांचा विचार करण्यात आला' हे एक वाक्य फाइल बंद करण्यास पुरते, कायदा वर्गात रुजवण्यास नाही.