फिट आहे, सही करा!

ॲडमिशनच्या वेळी आपण सगळ्यांनीच मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट जोडलं होतं. डॉक्टरांनी नाडी धरली, "काही त्रास नाही ना?" विचारलं आणि शिक्का मारला. आपलं खपून गेलं, कारण आपल्याला वर्गात बसायचं होतं. पण फाउंड्रीत वीस वर्षं कास्टिंग ग्राइंड करणाऱ्या माणसाची तपासणीही अशीच उरकली तर?

मोल्डिंगच्या वाळूत सिलिका असते, हे आपण पाच मार्कांसाठी लिहितो. शेकआउट आणि फेटलिंगच्या वेळी हीच वाळू बारीक धूळ होऊन फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकॉसिस बरा होत नाही, काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. एक्स-रेमध्ये दिसायलाच बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात, आणि दिसला तरी कधीकधी टीबी समजून औषधं सुरू होतात.

कायदा नाही, असं मुळीच नाही. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फाउंड्रीही आली, आणि तिथे कामावर घेण्यापूर्वी व नंतर दर १२ महिन्यांच्या आत तपासणी सक्तीची झाली. १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांत जे उशिरा येईल तोपर्यंत जपा. कारण हे रोग बऱ्याचदा नोकरी संपल्यावर डोकं वर काढतात. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे.

मला खटकतं ते वेगळंच. रिपोर्ट जातो कुठे? तो फाइलला लागतो, ऑडिटरला दाखवला जातो, आणि कामगाराला कळतं एवढंच की तो "फिट" आहे. आवाजाने कान जातात तेव्हा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास ऐकू येणं कमी होतं. गप्पा मारताना ते फारसं जाणवत नाही. म्हणून ऑडिओमेट्री (श्रवणमापन म्हणायचं, असं रूमपार्टनरने सांगितलं) दरवर्षी करून मागच्या आलेखाशी ताडून पाहावी लागते, तीही रात्रभर कान शांत राहिल्यावर, शिफ्टच्या आधी. कंत्राटी कामगाराचा ठेकेदार बदलला की मागचा आलेख कुठला मिळायला? शिवाय "अनफिट" म्हणजे घरी बसा, अशी भीती असली की माणूस खोकला लपवणारच.

म्हणून रिपोर्टची झेरॉक्स कामगाराच्या हातात पडलीच पाहिजे, त्याला कळेल अशा भाषेत. आणि इंजिनिअरला नावं नकोत, आकडा द्या. एकाच प्रेसवरच्या तिघांचे कान उतरले असतील तर दोष त्या प्रेसमध्ये शोधायला हवा. इअरप्लग वाटून मोकळं होणं सोपं आहे, प्रेसला एन्क्लोजर करणं खर्चाचं. उद्या त्या खर्चाच्या कागदावर सही आपलीच असणार आहे.

आपल्या वर्कशॉपचंच बघा ना. ग्राइंडरपाशी आपण सेमिस्टरमध्ये दोन-चार टर्न उभे राहतो, मामा रोज उभे असतात. एनएसएसच्या आरोग्य शिबिरात बीपी आणि शुगर बघतात. यंदा त्यात वर्कशॉपच्या स्टाफसाठी ऑडिओमेट्री आणि स्पायरोमेट्री ठेवता येईल का, हे मी एनएसएसच्या सरांना विचारणार आहे. कोणाला सोबत यायचं असेल तर मेसमध्ये गाठा.