आधी अनामत, की आधी उपचार?

गेल्या श्रावणात आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ वामकुक्षी आटोपून उठले ते वाकड्या तोंडानेच, उजवा हात उचलेना, जीभ अडखळू लागली, आणि आम्ही त्यांना रिक्षात घालून शहरातील एका खासगी रुग्णालयात नेले, तेव्हा खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता फर्मावले, "आधी अनामत भरा." मुलगा बिचारा खिसे चाचपू लागला आणि वडील चाकांच्या खुर्चीत एका अंगावर कलंडत राहिले.

अशा प्रसंगी कायदा आपल्या बाजूस किती भक्कमपणे उभा आहे, याची वार्ता सुशिक्षितांनाही नसते. मोटारीची ठोकर बसलेल्या एका स्कूटरस्वाराला, केवळ पोलिसी प्रकरण म्हणून, वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पिटाळण्यात आले आणि तो वाटेतच गतप्राण झाला, ही हकीकत परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली, तेव्हा 1989 साली न्यायालयाने निर्वाळा दिला की प्राणरक्षण हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टराचे आद्य कर्तव्य होय. पोलिसी सोपस्कार मागाहून. पुढे 1996 साली, आगगाडीतून पडलेल्या बंगालमधील एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत लावले म्हणून, त्याच न्यायालयाने त्यास पंचवीस हजारांची भरपाई देवविली आणि पैशाच्या टंचाईची सबब शासनास सांगता येणार नाही असे बजावले. जखमीस पोचविणाऱ्या वाटसरूला तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने संरक्षणच दिले आहे. इतके असूनही खिडकी आपली तशीच!

परंतु त्या सायंकाळी रुग्णाचे दैव कायद्याच्या कलमावर अवलंबून नव्हते. गडबड ऐकून बाहेर आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची स्वतः आत ढकलली, आणि पहिलाच प्रश्न केला, "हे शेवटचे ठीक केव्हा होते?" मुलगा म्हणाला, पाच वाजता उठले तेव्हापासून असे आहेत. सून मात्र शांतपणे म्हणाली, "दोन वाजता मी गोळी दिली, तेव्हा बाबा नीट बोलले होते." मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ही मुदत लक्षण दिसले तेव्हापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा ठीक दिसला त्या क्षणापासून मोजतात. म्हणजे हाती तास-दीड तासच उरला होता. रक्तस्राव नाही याची खातरजमा करण्यासाठी सी. टी. स्कॅन होईतो सुनेने औषधांची प्लास्टिकची पिशवीच टेबलावर ओतली, आणि रक्त पातळ करणारी गोळी त्यात नाही हे बाईंनी पट्ट्या उलटसुलट करून पाहून घेतले.

बाहेर हात मोडलेला एक तरुण, आपण आधी आलो होतो म्हणून कुरकुरत होता. त्याची वेदना खोटी नव्हती. पण तातडीच्या विभागातला क्रम आगमनाचा नसून धोक्याचा असतो, हे त्यास कोणी समजावूनही सांगितले नव्हते, आणि हा दोष मी रुग्णालयासच देईन.

आमचीही चूक झालीच: रिक्षा शोधीत बसण्यापेक्षा 108 ला दूरध्वनी करावयास हवा होता, ती रुग्णवाहिका महाराष्ट्रात विनामूल्य येते. तेव्हा वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी आज एका कागदावर लिहा, माथ्यावर 108 हा आकडा घाला, आणि तो कागद दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा.

— प्रहरी