गल्ला की फळा?



परवा बारावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. चांगलं चार पानी! वडिलांचं किराणा मालाचं दुकान. संध्याकाळी ती गल्ल्यावर बसते, उधारीची वही लिहिते. रविवारी वाड्यातल्या पाच-सहा पोरांना गणितं शिकवते. बाबा म्हणतात, "बी.कॉम. कर, नाहीतर बी.बी.ए. दुकान वाढव." आई म्हणते, "डी.एड. कर. मुलींना मास्तरकी बरी. अर्धा दिवस शाळा, वर सुट्ट्या." आणि ती विचारते, "मला दोन्ही आवडतं. काय करू?"

आधी आईंशी थोडं भांडतो हं! वह्यांचे गठ्ठे घरी नेऊन तपासणाऱ्या तुमच्या बाईंना विचारा, अर्धा दिवस कुठला? सुट्ट्यांसाठी शिक्षक होणारा माणूस वर्गात घड्याळाकडेच बघत बसतो. बाबांनाही एक सांगणं : दुकान तयार आहे, हे मुलीनं ते चालवावं याचं कारण होत नाही.

आता माहिती. जुन्या डी.एड.ला हल्ली डी.एल.एड. म्हणतात. बारावीनंतर दोन वर्षं. पण ही पदविका आहे, पदवी नव्हे. पुढे टीईटी आहेच. बी.एड. पदवीनंतर करायचं. पूर्वी ते एक वर्षाचं होतं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. म्हणजे पहिली ते पाचवीची चिमुरडी शिकवायची असतील, तर डी.एल.एड.चीच वाट बरी.

बी.कॉम. तीन वर्षांचं. बी.बी.ए., बी.एम.एस.साठी आपल्याकडे २०२४ पासून सीईटी आली. बी.कॉम. केलं म्हणून शाळेचं दार बंद होत नाही. एम.कॉम. आणि बी.एड. करून अकरावी-बारावीला हिशेबशास्त्र शिकवता येतं.

म्हणजे प्रश्न नुसता 'गल्ला की फळा' एवढाच नाही. फळा असेल तर समोर कोण बसलंय, छोटी की मोठी, तेही ठरवायला हवं.

पण आवड ओळखायची कशी? कामातल्या गोड भागावरून नाही, कंटाळवाण्या भागावरून! तिसऱ्यांदा सांगूनही पोराला हातच्याचं गणित कळलं नाही, तर तुला राग येतो, की चिंचोके घेऊन नव्यानं सांगावंसं वाटतं? उधारी थकली, माल पडून राहिला, तर वही मिटावीशी वाटते, की 'असं का झालं' हे शोधत बसावंसं वाटतं? महिनाभर रोज रात्री दोन ओळी लिहून ठेव. ही परीक्षा कोणी घेत नाही, म्हणून कॉपीही करता येत नाही.

आणि एकदा चुकलं तर सगळं संपलं, असं मुळीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते! ती नोकरी सोडून ते बेळगावला गेले, सायकली विकल्या, पुढे लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. मास्तरकीची ती वर्षं काही फुकट गेली नसणार. नवा नांगर शेतकऱ्याला पटवून देणं, हेही शिकवणंच की!

तर मैत्रिणी, महिन्याभरानं ती वही आई-बाबांपुढे ठेव. "मला वाटतं" यापेक्षा "मी करून पाहिलं" याला घरात जास्त वजन असतं. आणि आई-बाबांनो, वही वाचून होईपर्यंत काही बोलायचं नाही बरं का!

काय ठरलं ते नक्की कळव. या खेपेला दोन पानं पुरतील!