विश्लेषण : पॅरिस-बोर्दो विमानाने तासाभरात, तरीही फ्रान्सने ही सेवा का थांबवली?

पॅरिस आणि बोर्दो या फ्रान्समधील दोन शहरांत सरळ रेषेत अंतर आहे सुमारे ५०० किलोमीटर. विमान हे अंतर साधारण एक तास दहा मिनिटांत कापते. तरीही मे २०२३ मध्ये फ्रान्सने पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लिऑन या तीन शहरांकडे जाणाऱ्या नियमित विमानसेवेवर बंदी घातली. असे का?

तास नेमका कुठे जातो?

ताशी ८०० किलोमीटर वेगाने ५०० किलोमीटर जायला ४० मिनिटेही लागू नयेत. पण एवढ्या कमी अंतरात विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडते. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यातच बराच वेळ जातो. उड्डाणातच इंधन सर्वाधिक वेगाने जळत असल्याने छोट्या प्रवासात दर किलोमीटरमागे खर्च आणि प्रदूषण दोन्ही वाढते.

मग रेल्वे पुढे कशी?

जुलै २०१७ मध्ये नवा अतिजलद मार्ग सुरू झाला आणि पॅरिस-बोर्दो रेल्वेप्रवास ३ तास १४ मिनिटांवरून २ तास ४ मिनिटांवर आला. ही गाडी शहरातून सुटते आणि शहरातच पोहोचते. विमानासाठी मात्र आधी ऑर्ली गाठायचे, सुरक्षा तपासणी करायची आणि उतरल्यावर पुन्हा शहरात यायचे. हे सगळे धरले तर घर ते मुक्काम हा प्रवास सहज साडेतीन तासांवर जातो.

कायदा काय सांगतो?

चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १५० नागरिकांच्या हवामान परिषदेने, रेल्वेने चार तासांत जाता येत असेल तिथे विमान नको, अशी सूचना केली होती. सरकारने ती मर्यादा अडीच तासांवर आणली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा झाला. विमानतळांच्या संघटनांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये फक्त तीन मार्गांना मान्यता दिली, तीही तीन वर्षांच्या मुदतीने.

पळवाटा कोणत्या?

एअर फ्रान्सने हे तीन मार्ग २०२० मध्येच बंद केले होते. करोनाकाळात मिळालेल्या सात अब्ज युरोंच्या सरकारी मदतीची ती एक अट होती. म्हणजे कायद्याने प्रत्यक्षात नवे फारसे थांबवले नाही. सोडलेली जागा दुसऱ्या कंपनीने घेऊ नये, एवढी सोय केली. पॅरिसच्याच शार्ल द गॉल विमानतळावरून बोर्दोला विमाने जातच राहिली, कारण तिथून पुढच्या देशांची विमाने पकडणारे प्रवासी असतात. खासगी जेटही या बंदीबाहेर राहिली.

आपल्यासाठी धडा काय?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा नियोजित मार्ग ५०८ किलोमीटरचा आणि मोजके थांबे घेणाऱ्या गाडीचा वेळ २ तास ७ मिनिटे. म्हणजे जवळपास पॅरिस-बोर्दोच! मात्र फ्रान्समध्ये आधी गाडी धावली, बंदी नंतर आली. चांगला पर्याय हाती असेल तरच प्रवाशाला विमान सोडायला सांगता येते. आणि तो पर्याय खिशाला परवडला नाही, तर वाचलेली मिनिटे कागदावरच राहतात.