प्रतिज्ञा दोघांची, भांडी एकीची

बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिसरण-पंचशील झाले की बौद्धाचार्य वर-वधूकडून प्रतिज्ञा म्हणून घेतात. वराच्या पाच, वधूच्या पाच. वर म्हणतो, मी पत्नीचा सन्मान करीन, अपमान करणार नाही, व्यभिचार करणार नाही, घरचा कारभार तिच्या हाती देईन, वस्त्र-अलंकार देऊन तिला संतुष्ट ठेवीन. वधू म्हणते, मी घरातली कामे नीट पार पाडीन, घरच्या माणसांना सांभाळून घेईन, व्यभिचार करणार नाही, मिळवलेल्या धनाचे रक्षण करीन, कामात दक्ष राहीन, आळस करणार नाही. मंडपात पंखे फिरत असतात, माइक खरखरत असतो, मागच्या रांगेत जेवणाची घाई असते. या दहा वाक्यांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पण नीट ऐका. घरकामाचा उल्लेख दहापैकी फक्त वधूच्या तोंडी येतो, आणि तोही दोनदा.

वस्त्यांमध्ये कौटुंबिक समुपदेशनाचे काम करताना आमच्यासमोर जी जोडपी येतात, त्यांच्या भांडणाचे कारण सांगताना पैसा, सासू, मोबाईल, दारू असे शब्द आधी येतात. थोडे खोलात गेलो की स्वयंपाकघर सापडते. दोघेही शिकलेले, दोघेही कमावणारे, दोघांच्याही तोंडी समता. सकाळी साडेपाचला पाणी येते तेव्हा मात्र उठते ती. डबे दोन, कधी तीन. रात्री ओटा पुसून दिवा बंद करते तीच.

सरकारी आकडे याहून वेगळे काही सांगत नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभरात केलेल्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. पुरुष ८८ मिनिटे. त्यातही एक मेख आहे. ही ८८ मिनिटे सगळ्या पुरुषांची सरासरी नव्हे, त्या दिवशी घरात काहीतरी काम केलेल्या पुरुषांची आहे. असे पुरुष १०० मध्ये २७. बाकीच्या ७३ जणांचा आकडा शून्य. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ मिनिटे होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, पण ती नवऱ्यांनी उचलली असे म्हणता येणार नाही, कारण त्यांचीही नऊ मिनिटे कमीच झाली आहेत. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही. ती वेगळी मोजली आहे, आणि तिथेही १५ ते ५९ वयाच्या स्त्रिया १४० मिनिटे, पुरुष ७४ मिनिटे असाच हिशोब आहे.

जे मोजता येत नाही ते आणखी निराळे. गॅस कधी संपेल, तूरडाळ किती उरली, धाकट्याच्या शाळेत उद्या काय न्यायचे आहे, सासऱ्यांची बीपीची गोळी कुठल्या दुकानात स्वस्त मिळते, हे सगळे एका डोक्यात सतत चालू असते. आमच्याकडे आलेले नवरे बहुतेक वेळा प्रामाणिकपणे म्हणतात, "मी मदत करतो की. ती सांगेल ते आणतो." आम्ही तिथेच थांबवतो. मदत हा शब्द आपण दुसऱ्याच्या कामासाठी वापरतो. आणि 'ती सांगेल ते' म्हटले की सांगण्याचे काम तिच्याकडेच राहिले. नवऱ्याच्या वाट्याची कामे पाहा: बाजारातून भाजी आणणे, वीजबिल भरणे, सिलिंडर नोंदवणे. उपयोगाची आहेत, पण आज नाही तर उद्या चालतात. डबा उद्या चालत नाही. वेळेला बांधलेली कामे एकीकडे आणि सवडीची दुसरीकडे, ही विभागणी तासांच्या विभागणीइतकीच महत्त्वाची आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ साली नोकरदार बायकांच्या या घरच्या पाळीला 'दुसरी पाळी' म्हटले. आपल्या वस्त्यांत ती कित्येकदा तिसरी असते. सकाळी चार घरची धुणीभांडी, दुपारी आणखी कुठे स्वयंपाक आणि मग स्वतःच्या घरची चूल. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. दुसऱ्याच्या घरातली भांडी घासणे हे काम आहे एवढे तरी त्याने मान्य केले. तीच बाई, तेच हात, तीच भांडी. स्वतःच्या मोरीत मात्र ते काम राहत नाही, कर्तव्य होते.

न्यायालयांतही या प्रश्नावर एकवाक्यता नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक भयंकर प्रकरण होते. बायको चहा न करता बाहेर निघाली म्हणून नवऱ्याने हातोडीने मारले, ती मेली. चहाला नकार देणे म्हणजे गंभीर चिथावणी, हा बचाव न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी फेटाळला, बायको ही वस्तू नव्हे असे बजावले आणि दहा वर्षांची शिक्षा कायम ठेवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका छळाच्या तक्रारीत म्हटले की, विवाहित स्त्रीला कुटुंबासाठी घरकाम करायला सांगणे म्हणजे तिला मोलकरणीसारखे वागवणे नव्हे, आणि तिची तयारी नसेल तर तिने ते लग्नाआधी सांगायला हवे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा मुंबईत, बायको घरातले काम करत नाही म्हणून घटस्फोट मागणाऱ्या नवऱ्याला न्यायमूर्ती नितीन सांबरे आणि शर्मिला देशमुख यांनी नकार दिला आणि आजच्या काळात घराचा भार दोघांनी सारखा उचलायचा आहे असे सांगितले. यातल्या २०२२ च्या मतावर आमचा एक साधा प्रश्न आहे. लग्नाआधी सांगायचे तर कोणाकडून विचारायचे? आजवर एखाद्या मुलाला कोणी विचारले आहे का, "बाबा, तुझी घरकामाची तयारी आहे ना?" आपल्या वधू-वर मेळाव्यांचे परिचयपत्र चाळा. मुलगी 'उच्चशिक्षित, नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष' हवी असते. तिन्ही एकदम. मुलाच्या रकान्यात पगार आणि स्वतःचे घर.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे. वधूच्या प्रतिज्ञा कुठून आल्या? दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तातून. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात पती-पत्नीची ही कर्तव्ये घेतली आहेत. त्याच भागात मुलींसाठीही उपदेश आहे, त्यात सर्वांआधी उठावे आणि सर्वांनंतर झोपावे असे येते. आमच्या अभ्यासवर्गात तरुण मुली नेमके याच पानावर बोट ठेवतात. त्यांना गप्प करणे सोपे आहे, आणि काही ज्येष्ठ तसे करतातही. आम्हाला ते मान्य नाही. सुत्त ज्या समाजात सांगितले गेले त्यात बाई घरात आणि पुरुष शेतात-व्यापारात होता. त्या चौकटीत तथागतांनी पतीवरही पाच कर्तव्ये टाकली, हे त्या काळी मोठे पाऊल होते. आज चौकटच बदलली आहे. ती आठ तास कार्यालयात असते. जे तर्काला उतरत नाही ते बुद्धाचे म्हणून स्वीकारायचे नाही, ही कसोटी बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात दिली आहे.

शिवाय सुत्त पूर्ण वाचले तर आणखी काही हाती लागते. पतीच्या कर्तव्यात पत्नीकडे जे सोपवायचे आहे त्याला पालीत शब्द आहे 'इस्सरिय', म्हणजे ऐश्वर्य, अधिकार. घरात आपण त्याचा सोयीचा अर्थ लावला: "घर तुझ्या ताब्यात, तूच बघ." सत्ता सोपवायला सांगितली होती, आम्ही झाडू सोपवला. आणि पुढे याच सुत्तात मालकाची नोकरांबाबतची कर्तव्ये आहेत. त्यांच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. हे वाचून आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मग माझ्या आईला निदान नोकर तरी समजा." वर्गात हसू झाले, पण मुलांकडे उत्तर नव्हते.

घरकामाचा आदर्श शोधायचा तर तो या सुत्तात शोधण्यापेक्षा मज्झिम निकायातल्या चूळगोसिंग सुत्तात शोधावा, असे आम्हाला वाटते. गोसिंगच्या सालवनात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल असे तीन भिक्खू राहत होते. तथागत त्यांना भेटायला गेले आणि विचारले, तुम्ही दूध-पाण्यासारखे एकोप्याने राहता ना? अनुरुद्धांनी दिलेल्या उत्तरात मैत्रीभावना आहे, आणि कामाची वाटणीही आहे. भिक्षा घेऊन जो पहिला परततो तो आसने मांडतो, पिण्याचे आणि पाय धुण्याचे पाणी ठेवतो, खरकट्याचे भांडे ठेवतो. जो शेवटी येतो तो आसने उचलतो, पाण्याची भांडी आवरतो, खरकट्याचे भांडे धुऊन ठेवतो, जेवणाची जागा झाडतो. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसेल तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून उचलतात.

ही व्यवस्था पुन्हा एकदा वाचा. काम कोणाच्या नावावर नाही, वेळेच्या नावावर आहे. जो आधी घरी येईल तो कुकर लावेल. जो शेवटी जेवेल तो ओटा आवरेल. घडा रिकामा आहे हे कोणी सांगावे लागत नाही, दिसणाराच भरतो. ज्या 'ती सांगेल ते'चा आम्ही वर उल्लेख केला, त्याला अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर आहे. आणि हे तिघेही पुरुष होते. भिक्खुसंघात झाडलोट, चीवर धुणे-शिवणे, आजाऱ्याची सेवा हे सगळे पुरुषांनीच केले. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूवर खुद्द तथागतांनी पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. त्या तथागतांपुढे रोज मेणबत्ती लावणाऱ्या तरुणाला पोराची दुपटी धुताना लाज वाटत असेल, तर अडचण धम्मात नाही.

लाज कुठून येते तेही पाहायला हवे. मुलगा भाकरी थापायला बसला की शेजारची बाई हसते, मित्र 'बायकोच्या ताटाखालचं मांजर' म्हणतात, आणि सगळ्यात आधी त्याची आई त्याच्या हातातले लाटणे काढून घेते. "माझ्या पोराला कधी पाण्याचा पेला उचलू दिला नाही," हे सांगणाऱ्या आया आपल्याच वस्त्यांत आहेत आणि त्यात त्यांचे प्रेमही आहे. स्वतः आयुष्यभर राबलेल्या बाईला मुलाचे सुख म्हणजे त्याचे न राबणे वाटते. तिच्याशी भांडून उपयोग होत नाही. ज्या घरांत हे बदललेले दिसले, तिथे मुलाने आईसमोर, रोज, न बोलता काम केले होते. महिना-दोन महिन्यांत तिची तक्रार थांबली.

रमाईंबद्दलही बोलावे लागेल, थोडे जपून. ७ फेब्रुवारीला गावोगावी रमाई जयंती होते आणि व्यासपीठावरून नववधूंना सांगितले जाते, रमाईसारखी हो. रमाईंनी दारिद्र्यात, मुलांचे मृत्यू सोसत घर उभे ठेवले, ते ऋण कोणी नाकारणार नाही. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' त्यांना अर्पण करून ते मान्य केले. पण त्यांचा त्याग परिस्थितीने लादलेला होता. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो दलित स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी सांगितले ते वेगळे होते: लग्नानंतर मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलामी नाकारावी. नववधूला रमाई सांगताना नागपूरचे भाषण का वगळायचे?

हा प्रश्न फक्त नवरा-बायकोचा राहत नाही, म्हणून आम्ही तो चळवळीचा मानतो. विहारातल्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत दिवे असतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तिथे बसतात. मुली सातला उठून जातात, कारण घरी पोळ्या करायच्या असतात. रोजचे तीन-चार तास, वर्षाचे किती? एकाच वस्तीतली, एकाच शाळेतली, सारख्याच बुद्धीची दोन भावंडे असतात आणि निकाल वेगळे लागतात. पुढे हीच मुलगी कार्यकर्ती झाली तर बैठकीची वेळ तिला जमत नाही. मग आपण म्हणतो, महिला पुढे येत नाहीत. उर्मिला पवार यांनी 'आयदान'मध्ये संसार आणि नोकरी सांभाळत एम.ए. करताना घरातून झालेला विरोध लिहिला आहे. ते पुस्तक २००३ साली आले. आमच्या वर्गातल्या मुलींना ते जुने वाटत नाही.

राज्य सरकारने जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत दरमहा १,५०० रुपये द्यायला सुरुवात केली. ते पैसे बायकांच्या उपयोगी पडतात, नाके मुरडण्याचे कारण नाही. पण वेळ खात्यात जमा होत नाही. वस्तीत पाळणाघर, दिवसभर नळाला पाणी, स्वस्त दरातले पोळी-भाजी केंद्र या मागण्या आपल्या निवेदनांत अभावानेच दिसतात. पुतळा, कमान, सभागृह मात्र दिसते.

आमची सूचना दोन गोष्टींपुरती आहे. पहिली लग्नविधीबाबत. 'घरातली कामे आणि मुलांचे संगोपन आम्ही दोघे मिळून करू' असे एक वाक्य वर आणि वधू दोघांकडून म्हणून घ्यावे. काही बौद्धाचार्यांशी आम्ही बोललो. दोघे तयार झाले, एकाने विधी ठरलेला आहे म्हणून नकार दिला. ठरलेला विधी सोडूनच आपण इथवर आलो, एवढे त्यांना आदराने सांगितले आहे. तरुणांनी आपापल्या लग्नात स्वतःहून मागणी केली तर हा वाद लवकर मिटेल.

दुसरी सूचना वर्षावासाची. आषाढी पौर्णिमेपासून विहारात ग्रंथवाचन सुरू होते, ऐकायला बहुतांश उपासिका असतात आणि वाचन संपले की खीर करायलाही त्याच उठतात. यंदा एक रविवार चूळगोसिंग सुत्तासाठी ठेवा, आणि त्या दिवशी खीर कोण करणार, पातेली कोण घासणार, विहार कोण झाडणार, ही पुरुष कार्यकर्त्यांची नावे आधीच फळ्यावर लिहा. अध्यक्षांच्या नावापासून सुरुवात करा.